झोप पुरी, थकवा कायम : माझ्याच ब्रेकडाऊनचं रजिस्टर

मी नाशकात, अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की आमच्याकडे रजिस्टर भरावं लागतं: किती वाजता थांबलं, काय सापडलं, काय केलं, किती तास वाया गेले. गेल्या वर्षी हेच रजिस्टर मी स्वतःवर चालवलं. वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८४ किलो. वहीतल्या नोंदी होत्या तशा उतरवतोय, फक्त शिव्या काढल्यात. मी डॉक्टर नाही. औषधांचे डोस मुद्दाम लिहिलेले नाहीत, ते आपापल्या डॉक्टरांना विचारा. चुका मात्र माझ्या आहेत, त्या खुशाल वापरा.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

तक्रार: झोप पुरी होते, तरी थकवा जात नाही. साडेदहाला आडवा होतो, सहाला उठतो. उठताना वाटतं की रात्रपाळी करून आलोय. डोकं जड, तोंडाला कोरड. अकरा वाजता डोळे चुरचुरायला लागतात. तीन वाजता स्टोअरमध्ये बेअरिंगच्या खोक्यावर बसलो तर मान खाली. दिवसाला सहा चहा. आज सुट्टी म्हणून दुपारी दोन तास झोपलो, उठलो तर आणखीच मंद.

मनगटावरचं घड्याळ सांगतं, झोप ७ तास २० मिनिटं, गुण १०० पैकी ८४. म्हणजे झोपेची बाजू ठीक, असं मी धरून चाललो. (नंतरची नोंद: हे घड्याळ मुख्यतः मी हललो नाही एवढंच मोजत होतं. ८४ गुणांनी माझे साडेतीन महिने खाल्ले.)

आईने मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि रात्री नाकात गाईच्या तुपाचे दोन थेंब सोडायला सांगितले. अपाय काही नाही. उपयोगही नाही.

१९ ऑगस्ट

आमच्याकडे नियम आहे, आधी स्वस्तातलं तपासा. मेडिकलमधून विचारून मल्टिव्हिटॅमिन आणि अश्वगंधा आणली, १,००० रुपये. आठ दिवस झाले, फरक शून्य. आमचा फिटर म्हणाला, "साहेब, वय झालं." तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे आणि अजून शिडीवर चढून क्रेनची दोरी बदलतो.

२८ ऑगस्ट

जाहिरात बघून घरबसल्या रक्ततपासणीचं पॅकेज घेतलं, १,९९९ रुपये. आज रिपोर्ट आला, सतरा पानं. मी काय केलं, फक्त लाल रंगातले आकडे बघितले. ड जीवनसत्त्व १७, कमी. तीन महिन्यांची सरासरी साखर ५.९, काठावर. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, १०१, जरासं जास्त. थायरॉइडचा टीएसएच ३.१, ठीक. हिमोग्लोबिन १३.१, जेमतेम. बी-१२ चा आकडा २१४ आणि समोर छापलेली मर्यादा २११ ते ९११, म्हणून तो काळ्या शाईत. काळा म्हणजे पास. फाइल कपाटावर टाकली.

गेजचा काटा हिरव्या पट्ट्याच्या अगदी कडेला असेल तर मी कारखान्यात त्या मशीनला हात लावल्याशिवाय पुढे जात नाही. घरी मात्र तसाच पुढे गेलो.

२१ सप्टेंबर

गणपती झाले. विसर्जनाच्या दिवशी पायाच्या तळव्यांना मुंग्या आल्या, त्या चार दिवस गेल्या नाहीत, तेव्हा कुठे फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. २४ दिवस वाया.

त्यांनी बाकीचे लाल आकडे सोडून एमसीव्हीवर बोट ठेवलं. तांबड्या पेशी आकाराने मोठ्या झाल्यात म्हणाले. मग तीन प्रश्न. खाता काय? आम्ही माळकरी, अंडंसुद्धा घरात येत नाही. मुंग्या कधीपासून? नीट आठवलं तर उन्हाळ्यापासून, मी चपलांना दोष देत होतो. तपासणीआधी कुठल्या गोळ्या घेत होता? इथे मी सापडलो. मल्टिव्हिटॅमिनमध्ये बी-१२ असतं. दोन आठवडे त्या खाऊन मग रक्त दिलं तर आकडा फुगणारच, आणि फुगूनही तो २१४. टाकीत वरून बादली ओतायची आणि मग लेव्हल बघायची, त्यातला प्रकार.

खात्रीसाठी होमोसिस्टीनची तपासणी (बी-१२ कमी पडलं की रक्तात हे वाढतं), ९०० रुपये. आलं ३८. पंधराच्या आत हवं.

दुसऱ्या कुणी हे करणार असेल तर एवढं करा: रक्त आधी द्या, गोळ्या नंतर खा.

३० सप्टेंबर

इंजेक्शनं सुरू. एक दिवसाआड पाच, मग गोळ्या. ड जीवनसत्त्वाची आठवड्याची एक पूड दुधातून. सगळं मिळून १,१५० रुपये. इंजेक्शनाची जागा दुखते, डाव्या कुशीवर झोपवत नाही म्हणून उताणा झोपतोय. (हे वाक्य पुढे लक्षात ठेवा.)

१२ ऑक्टोबर, दसरा

कारखान्यात मशिनांची पूजा झाली. झेंडूची माळ मी स्वतः कॉम्प्रेसरला घातली. मुंग्या निम्म्यावर आल्यात. तिसऱ्या मजल्यावर न थांबता चढलो. रजिस्टरमध्ये लिहिलं: फॉल्ट सापडला, बी-१२. जॉब क्लोज.

नव्या पोरांना मी कायम बजावतो की मशीन चालू झालं म्हणजे जॉब संपला असं नाही, आठ तास लोडवर चालवून बघा. लोडवर चालवून बघितलं नाही.

२२ नोव्हेंबर

जॉब पुन्हा उघडला.

दिवाळीनंतर दोन आठवडे बरे गेले आणि मग गाडी जिथे होती तिथेच. मुंग्या नाहीत, चढताना दम नाही, पण झोप मात्र डोळ्यांवर चिकटलेली. आज संध्याकाळी पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला स्कूटरवर उभा होतो. पुढचं आठवतं ते मागच्या रिक्षावाल्याचा हॉर्न आणि त्याचं "काका, घरी जाऊन झोपा!" पाय जमिनीवर होते म्हणून वाचलो. हिरवा कधी झाला ते मला माहीत नाही.

घरी सांगितलं नाही. पण उद्यापासून कंपनीच्या बसने जायचं ठरवलं. फॉल्ट सापडेपर्यंत स्कूटर लॉक-आउट, किल्ली आईच्या डब्यात.

२४ नोव्हेंबर, रविवार

व्हाय-व्हाय, म्हणजे का, का विचारत मूळ कारणापर्यंत जाणं, ते करायला बसलो. पहिल्या फॉल्टमुळे दुसरा झाकला गेला होता का? बायकोला विचारलं, रात्री मी कसा झोपतो? ती म्हणाली, "तुम्ही झोपता. मी कुठे झोपते?" मग हळूच बाहेर आलं की चार महिन्यांपासून ही रात्री एकच्या सुमारास उशी घेऊन हॉलमध्ये जाते आणि मी उठायच्या आत परत येते. मला वाटायचं ती लवकर उठते.

आमच्या घरात घोरण्याला कुणी रोग मानत नाही. माझे वडील घोरायचे तेव्हा वाड्यातले कौतुकाने म्हणायचे, काय गाढ झोपलाय बघा, देवाने सुखी ठेवलाय. उलट न घोरणाऱ्याचीच चौकशी व्हायची.

तिला म्हटलं, आज हॉलमध्ये जायच्या आधी मोबाईल माझ्या उशाशी रेकॉर्डिंगला लाव.

२५ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसर रूमच्या बाहेर बसून कानात घालून ऐकलं. पहिली वीस मिनिटं नुसतं घोरणं, स्वतःचं ऐकताना लाज वाटते एवढंच. मग आवाज चढत गेला आणि कापल्यासारखा थांबला. काहीच नाही. पंख्याची घरघर, लांब कुठेतरी कुत्रं. मी मोबाईलचा आवाज वाढवला, वाटलं रेकॉर्डिंग बंद पडलं. पुन्हा मागे नेऊन स्टॉपवॉच लावलं. ३४ सेकंद. मग एक असा आवाज, पाण्याखालून वर आलेला माणूस हवा ओढतो तसा, आणि परत घोरणं सुरू.

माझ्या मागे भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर त्याच वेळी कट-ऑफ झाला. प्रेशर उतरलं की तो धाडकन पुन्हा सुरू होतो. तो तीस वर्षं तसाच चालतो, पण त्याच्या व्हॉल्व्हची काय अवस्था होते ते मी दर सहा महिन्यांनी उघडून बघतो.

पुढच्या दहा मिनिटांत असे पाच खंड मोजले. सर्वांत मोठा ४१ सेकंदांचा. डबा तसाच परत नेला.

१ डिसेंबर

आधी स्वस्तातलं. नाकावर चिकटवायच्या पट्ट्या, ४५० रुपये: घोरण्याचा आवाज जरा बारीक झाला, खंड तेवढेच. हनुवटीला बांधायचा पट्टा, ३५०: आरशात बघितलं तर दाढ दुखणाऱ्या आजोबांसारखा दिसलो, रात्रीत कधी काढून फेकला कळलं नाही. बायकोने जुन्या बनियनच्या पाठीवर खिसा शिवला आणि त्यात मुलाचा टेनिसचा चेंडू घातला, म्हणजे उताणा वळलो की टोचेल. हा एकच प्रयोग थोडा चालला. कुशीवर खंड निम्म्यावर येतात, रेकॉर्डिंगवरून मोजलेत. इंजेक्शनाच्या दिवसांत मी उताणाच झोपत होतो हे आता आठवलं.

पण चेंडूवर झोपून तीन दिवसांत पाठ धरली. बंद.

५ डिसेंबर

कान-नाक-घशाचे डॉक्टर, ८०० रुपये. त्यांनी टॉर्च लावायच्या आधी टेप काढली आणि मानेचा घेर मोजला, ४२.५ सेंटिमीटर. ४० च्या वर गेला की त्यांच्या आठ प्रश्नांच्या यादीत एक गुण. घोरणं, दिवसा थकवा, कुणी श्वास थांबलेला पाहिलाय का, रक्तदाब, वजन, वय, मान, पुरुष की स्त्री. मला आठपैकी सहा. रक्तदाब तिथेच मोजला, १४८/९४. मग दुसरा कागद, एपवर्थचा: वाचताना, टीव्हीसमोर, गाडीत बसल्यावर, दुपारी जेवणानंतर वगैरे आठ ठिकाणी डुलकी लागायची शक्यता किती, ० ते ३. दहाच्या वर गेलं की काळजी. माझे १६. हा कागद कुणालाही घरी भरता येतो, फुकट आहे. मी ऑगस्टमध्ये भरला असता तर!

रात्री लघवीला किती वेळा उठता, हाही प्रश्न होता. दोन-तीनदा. मी ते साखरेच्या खात्यावर टाकलं होतं.

नाकाचा पडदा जरा वाकडा आहे, पण ऑपरेशनचा विषय आत्ता नाही म्हणाले. आधी झोपेची तपासणी.

८ डिसेंबर

घरच्या घरी करायची तपासणी निवडली, ६,५०० रुपये. दवाखान्यात रात्रभर राहून, डोक्याला तारा लावून करतात ती दुप्पट सांगत होते. आठ वाजता टेक्निशियन आला. छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. मुलाने फोटो काढून मामाला पाठवला.

सकाळी सहाला यंत्र उतरवलं तर चिमटा गादीखाली. दोन वाजून दहा मिनिटांनी निसटलेला. उरलेल्या रात्रीचा ऑक्सिजन नाही, रिपोर्ट बाद. दुसऱ्या रात्रीचे १,५०० वेगळे. दुसऱ्या वेळी चिमट्यावर औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी दोन वेढे गुंडाळली आणि वायर मनगटाला बांधली. वायरला ताण येऊ नये म्हणून आम्ही पॅनलमध्ये क्लॅम्प लावतो, तेच. टेक्निशियनला हे कुणी शिकवलं नव्हतं.

१४ डिसेंबर

रिपोर्ट. तासाला ४१ वेळा श्वास थांबतो किंवा अर्धवट होतो. याला एएचआय म्हणतात. पाचच्या आत ठीक, पंधराच्या पुढे मध्यम, तीसच्या पुढे तीव्र. उताणा असताना ५८, कुशीवर २२. ऑक्सिजन सर्वांत खाली ७६ टक्के.

४१ गुणिले सात तास म्हणजे २८७. एवढ्या वेळा रात्रीत घसा मिटायचा, ऑक्सिजन उतरायचा आणि मेंदू मला दचकवून वर ओढायचा. जाग दोन-चार सेकंदांची, म्हणून सकाळी आठवत नाही. मोटर तासाला ४१ वेळा चालू-बंद केली तर वाइंडिंग जळेल. आणि मी रजिस्टरमध्ये "झोप पुरी होते" असं लिहून बसलो होतो. गादीवर पडलेले तास पुरे होते, एवढंच.

उपाय: सीपॅप. म्हणजे एक छोटा ब्लोअर, नळी आणि मास्क. हवेचा हलका दाब घशाची वाट उघडी ठेवतो. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये पहिल्यांदा पेशंटांवर याचा उपयोग दाखवला. दाब सेंटिमीटर पाण्यात मोजतात, ४ ते २०. आमच्या कारखान्यातल्या हवेच्या लाइनला ६ बार असतो. हा १० सेंटिमीटर म्हणजे एका बारचा शंभरावा हिस्सा. ऐकून हसू आलं. एवढ्याशा दाबाने काय होणार!

१६ ते २० डिसेंबर

महिन्याच्या भाड्याने यंत्र, ४,००० रुपये, शिवाय अनामत. मास्क मात्र विकतच घ्यावा लागतो. नाकाचा घेतला, ४,२००.

पहिली रात्र: १ वाजून १० मिनिटांनी काढून टाकला. सुरुवातीचा दाब ४ वर ठेवलेला, त्यात गुदमरल्यासारखं होतं. हवा जास्त आहे म्हणून जीव घाबरा होईल असं वाटलं होतं, झालं उलटं.

दुसरी रात्र: दीड तास. तोंड उघडं पडतं आणि नाकातून गेलेली हवा तोंडावाटे भसकन बाहेर. जीभ लाकडासारखी.

तिसरी: यंत्र कार्डावर गळतीचा आकडा नोंदवतं. मिनिटाला २४ लिटरच्या आत हवी, माझी ५२. कारण आरशात दिसलं. मिशी. माझी मिशी लग्नाआधीपासूनची आहे आणि चांगली भरघोस आहे. मास्कची सिलिकॉनची कड तिच्यावर बसते आणि केसांमधून हवा सुटते. गॅस्केटखाली कचरा राहिल्यावर होतं तेच. मी पट्टे आवळले. सकाळी नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल वळ, आणि गळती ५६. कारखान्यात विचारणा झाली की घरी काही झालं का.

चौथी रात्र यंत्र कपाटात. राग आला होता.

२२ डिसेंबर

डॉक्टरांकडे परत. सुरुवातीचा दाब ४ वरून ८ केला, वरची मर्यादा २० वरून १३ वर आणली, श्वास सोडताना दाब जरा उतरेल अशी सोय चालू केली. नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क घ्यायला सांगितला, ६,८००. पहिला मास्क वापरलेला म्हणून परत घेत नाहीत. ४,२०० गेले. विकत घ्यायच्या आधी दुकानात गादीवर आडवं होऊन, यंत्र चालू ठेवून मास्क लावून बघता येतो हे मला आज कळलं. विचारलं तरच सांगतात.

मिशीचा निर्णय संध्याकाळी झाला. पूर्ण काढली नाही. ओठांच्या वर आणि कडेने कातरून बारीक केली. बायको म्हणाली, "वीस वर्षं सांगतेय."

२४ डिसेंबर

मास्क बसवायची पद्धत जमली: आडवं व्हायचं, यंत्र चालू करायचं, पट्टे सगळे सैल, मास्क चेहऱ्यापासून अर्धा इंच उचलून परत सोडायचा म्हणजे कड हवेने फुगून आपोआप बसते. मग पट्टा फक्त गळती थांबेपर्यंत. एक बोट आत गेलं पाहिजे. गॅस्केट जास्त आवळलं की गळतं, हे मी बावीस वर्षं लोकांना सांगतोय.

सलग ५ तास १० मिनिटं. गळती १४. एएचआय ६. सकाळी काही चमत्कार नाही. पण उठल्यावर तोंडाला कोरड नव्हती आणि डोकं जड नव्हतं, हे ब्रश करताना लक्षात आलं. रात्री लघवीला एकदाही उठलो नव्हतो. ते तर बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं.

२ जानेवारी २०२५

पोट. रात्री हवा गिळली जाते, सकाळी ढेकर आणि पोट ढोलासारखं. वरची मर्यादा डॉक्टरांनी फोनवर १२ करायला सांगितली, उशाकडचा भाग उंच केला. आठवड्यात कमी झालं, गेलं नाही.

पाण्याची चूकही इथेच लिहितो. हवा कोरडी होऊ नये म्हणून यंत्राला पाण्याची कुपी असते. आधी घरच्या फिल्टरचं पाणी घातलं, आठ दिवसांत तळाला पांढरा थर. मग शहाणपणा करून कारखान्याच्या स्टोअरमधून बॅटरीचं पाणी आणलं, शेवटी डिस्टिल्डच ते. यंत्रवाल्याने कपाळावर हात मारला. ते बॅटरीसाठी भरलेलं, कॅन कसला, कुठे ठेवलेला, काही सांगता येत नाही, आणि रात्रभर त्याची वाफ छातीत जाणार. आता मेडिकलमधूनच आणतो. कुपीतलं उरलेलं पाणी रोज सकाळी कुंडीत, कुपी उलटी वाळवायची.

११ जानेवारी

निफाडचा पारा घसरला की आमच्या बेडरूमचीही शीतपेटी होते. पहाटे चारला नळीत गुडगुड, मग थंड पाण्याची चूळ थेट नाकावर. धडपडून उठलो, मास्कसकट यंत्र खाली ओढलं, बायको ओरडली, शेजारच्या खोलीतून आई "भूकंप का रे?"

कारण साधं: गरम ओली हवा थंड नळीत गेली की पाणी सुटतं. एअर लाइनला ड्रायर नसला की होतं तेच, मला सुचायला हवं होतं. ओलाव्याची सेटिंग ५ वरून ३. यंत्र स्टुलावरून काढून गादीच्या पातळीखाली, म्हणजे पाणी उतरलं तरी यंत्राकडे उतरेल. नळी पांघरुणातून आणली. जुन्या स्वेटरची बाही कापून नळीवर चढवली, दोन टोकांना रबर. खर्च शून्य. त्यानंतर थेंब नाही. तापणारी नळी वेगळी विकत मिळते, स्वेटर असेल तर घेऊ नका.

१५ जानेवारी

रात्री दीड तास वीज गेली. आमचा इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरींचा. यंत्राचा अडॅप्टर गुणगुणायला लागला आणि चांगलाच तापला. बंद करून तसाच झोपलो. आज वॉटमीटर लावून मोजलं: पाण्याचा हीटर चालू असताना ५० वॉटच्या आसपास, बंद केला की १५ च्या आत. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा, आणि वीज गेल्यावर हीटर बंद ठेवायचा. इन्व्हर्टर यंदा बदलायचाच होता, म्हणून तो खर्च खाली धरला नाही.

१९ जानेवारी

भाड्याचा महिना संपला, यंत्र विकत घेतलं, ४७,०००. निम्म्या किमतीत जुनं मिळत होतं. घेतलं नाही. आतून किती तास चाललंय, कुणी धुतलंय, फिल्टरशिवाय किती धूळ खाल्लीय, काही कळायला मार्ग नाही. शिवाय २०२१ मध्ये आतला फोम झिजतो म्हणून एका कंपनीची लाखो यंत्रं परत बोलावली गेली होती, त्यातलंच एखादं नशिबी यायचं.

मेडिक्लेमने नाही म्हटलं. असली उपकरणं वगळलेली आहेत, बारीक अक्षरात लिहिलंय. वाचलं, खरंच लिहिलंय.

आजवरचा हिशेब: पॅकेज १,९९९, फॅमिली डॉक्टर तीन भेटी १,५००, होमोसिस्टीन ९००, इंजेक्शनं-गोळ्या १,१५०, घशाचे डॉक्टर दोन भेटी १,६००, झोपेची तपासणी दोन रात्री ८,०००, पट्ट्या-अश्वगंधा वगैरे फुकट गेलेलं १,८००, भाडं ४,०००, यंत्र ४७,०००, मास्क दोन ११,०००. एकूण ७८,९४९. यातले सरळसरळ चुकीपायी गेलेले, पहिला मास्क, बाद झालेली रात्र आणि किरकोळ धरून, ७,५००.

२७ जानेवारी

दोन रात्री सासरी, यंत्र नेलं नाही. सासऱ्यांसमोर सोंड लावून कुठे झोपायचं! दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याशी बोलता बोलता डोळे मिटले. त्यांनी बोलणं थांबवलं नाही, हे त्यातल्या त्यात.

१६ फेब्रुवारी

सलग वीस रात्री, सरासरी ६ तास ४० मिनिटं. एएचआय ३.२. एपवर्थ पुन्हा भरला: ६. रक्तदाब १३४/८६, त्याची गोळी तरीही चालूच आहे. बी-१२ ची फेरतपासणी ५६० आली, गोळी चालू ठेवायची आहे, खाणं तर बदललेलं नाही. चहा दोनवर. स्कूटरची किल्ली आईकडून परत घेतली. तिने आधी माझे डोळे बघितले.

जे झालं नाही तेही: वजन फक्त दीड किलो उतरलं. दुपारी वरण-भात खाल्ल्यावर पेंग येतेच, ती बहुतेक वरण-भाताची. नाकाच्या दांड्यावर बारीक डाग कायम राहिलाय. आणि बायको अजून एखाद्या रात्री हॉलमध्ये जाते, आता यंत्राच्या सूं आवाजापेक्षा शांततेने जाग येते म्हणते.

२ मार्च, रविवार. जळगाव

लग्नाला आलोय. या वेळी यंत्र आणलं. हॉलमध्ये गाद्या टाकलेल्या, बारा-चौदा पुरुष एका रांगेत. दिवे जाईपर्यंत थांबलो, मग चादरीखाली मास्क चढवला. कुणी काही म्हणालं नाही, एका पोराने फक्त "विमान उडवतात काका" असं ऐकवलं.

शेजारी माझे साडू. आमच्याच वयाचे, मानेने माझ्याहून जाड. पाच मिनिटांत त्यांनी सुरू केलं. पलीकडून कुणीतरी कौतुकाने म्हणालं, "काय सुखाची झोप आहे!" हळूहळू सगळे गप्प झाले. घोरणं चढत गेलं, चढत गेलं आणि थांबलं.

मी अंधारात आकडे म्हणत होतो. बावीसला त्यांनी हवा ओढली. पुढच्या खेपेला एकतीस.

मास्क तसाच ठेवून हात लांब केला, मोबाईलचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्यांच्या उशीशी ठेवून दिला.